मशीन पळू दे की! उद्यमबागेत नव्याने कामाला लागलेल्या पोरांसाठी

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढे, खानापूर रोडला सकाळी थोडा वेळ उभे राहिलात तर उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला जाणारी पोरं दिसतील. येळ्ळूरची, मच्छेची, पिरनवाडीची, खानापूरकडून आलेली. डब्यात भाकरी आणि आयटीआयचं सर्टिफिकेट नुकतंच हातात पडलेलं. ही पोरं कष्टाला कमी नाहीत. घरी भाताची लावणी चालू असेल तर पहाटे तरवा (भाताची रोपं) काढून, पायाचा चिखल धुऊन पाळीला हजर होणारे मी पाहिलेत. तरीही सहा महिन्यांत दोघांत फरक पडतो. एक जण बारा तास राबतो, दमतो आणि त्याचे जॉब (मशीनवर घडवलेले नग) कमीच भरतात. दुसरा आठ तासांत काम उरकून घरी जातो आणि नवीन मशीन आली की सुपरवायझर त्यालाच हाक मारतो.

हा लेख त्या पहिल्या पोरासाठी आहे. मीही तसाच होतो. कामाला लागलो त्या वर्षी रात्रपाळीत स्टोअर ते मशीन, मशीन ते ग्राइंडर, ग्राइंडर ते इन्स्पेक्शन टेबल अशा खेपा घालून अंगातला शर्ट भिजायचा. शेजारच्या मशीनवर एक वयस्कर टर्नर होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते बहुतेक वेळ स्टुलावर बसून असत. सकाळी मोजणी झाली की त्यांचे जॉब माझ्यापेक्षा जास्त निघत. एका पहाटे मी हिरमुसून बसलो होतो, तेव्हा ते म्हणाले, "तू पळूलायस कशाला रे? मशीन पळू दे की."

त्यांचं म्हणणं माझ्या डोक्यात उतरायला दोन वर्षं गेली. तुमची तेवढी जाऊ नयेत म्हणून क्रमाने लिहितो. उदाहरणं सीएनसी टर्निंगची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर जॉब फिरवून कापण्याची आहेत, कारण माझा हात त्यावर बसलाय. तुम्ही फाउंड्रीत असा, खासबागेत मागावर असा की निपाणीत गॅरेजात, क्रम हाच धरा.

पहिला आठवडा: काही बदलू नका, नुसतं लिहा

दहा रुपयांची वही घ्या, खिशात मावेल अशी. मशीन थांबली की वेळ लिहायची, चालू झाली की वेळ लिहायची, आणि मध्ये का थांबली ते दोन-तीन शब्दांत. 'इन्सर्ट आणायला गेलो' (इन्सर्ट म्हणजे टूलला लावायचा कापणारा तुकडा). 'क्रेन मोकळी नव्हती.' 'ड्रॉइंग कळलं नाही.' स्वतः किती दमलात ते लिहू नका. जॉबची किंमत वाढते ती टूल धातू कापत असतं तेवढाच वेळ. बाकी सगळं त्या आधीची आणि नंतरची धावपळ. ती धावपळ करताना आपल्याला वाटतं आपण काम करतोय, आणि इथेच सगळी गफलत होते.

पाळीचा हिशोब एकदा मांडून बघा. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहाची २० वजा केली की ४३० उरतात. जॉबचा सायकल टाईम (मशीनला एक जॉब कापायला लागणारा वेळ) ३ मिनिटं २० सेकंद आणि काढ-घाल करायला १ मिनिट ४० सेकंद धरले, तर एका जॉबला ५ मिनिटं, म्हणजे पाळीत ८६ जॉब. काढ-घालीत फक्त २० सेकंद वाचवले तर ९२ होतात. पण त्याच पाळीत एक सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन जुळवणं, आलं आणि त्यात दीड तास गेला, तर सरळ १८ जॉब गेले. म्हणून आधी हात कुठे घालायचा ते वहीच सांगते. नवीन पोरं नेमकं उलटं करतात: वीस सेकंदांसाठी हात भराभर चालवतात आणि दीड तासाकडे बघतही नाहीत.

माझ्या वहीतलं एक सेटिंग देतो. एकूण ९५ मिनिटं. त्यात जॉज (जॉब धरून फिरणाऱ्या चकचे पकडणारे जबडे), ॲलन की आणि पाना शोधण्यात २५. स्टोअरमधून इन्सर्ट आणि ऑफिसातून ड्रॉइंग आणण्यात २०. पहिला पीस इन्स्पेक्शनला देऊन वाट बघण्यात १५. प्रत्यक्ष जॉज बसवणं, टूल लावणं यात २०. ट्रायल कट आणि ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा) जुळवण्यात १५. म्हणजे ९५ पैकी फक्त ३५ मिनिटं मी मेकॅनिक होतो. उरलेली ६० मिनिटं हमाल आणि राखणदार.

दुसरा टप्पा: मशीन चालू असतानाच पुढच्या जॉबची तयारी

सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ इथे आहे, म्हणून इथे रेंगाळतो.

आपल्याकडे रोप लावताना बायका वाकून एका ओळीत मागे सरकत जातात. त्या प्रत्येक वेळी बांधावर जाऊन तरवा आणतात का? नाही. तरव्याच्या जुड्या कुणीतरी आधीच चिखलात अंतरा-अंतरावर फेकून ठेवलेल्या असतात. हातातली जुडी संपते तिथे दुसरी हाताशी असते. आपल्या घरच्या बायकांना हे कुणी शिकवायला आलं नव्हतं. कारखान्यात पाऊल टाकलं की मात्र आपण तेच विसरतो आणि प्रत्येक जुडीसाठी बांधावर जातो.

शिगेओ शिंगो नावाच्या जपानी इंजिनिअरने हीच गोष्ट मोठ्या मशिनींवर करून दाखवली. १९५० साली हिरोशिमात, मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात ८०० टनी प्रेसची डाय (आकार देणारा साचा) बदलताना त्यांनी पाहिलं की एक कामगार हरवलेला बोल्ट शोधत तासाभराहून जास्त फिरतोय, आणि तेवढा वेळ प्रेस बंद. तिथून त्यांनी कामाचे दोन भाग पाडले: मशीन थांबवल्याशिवाय जे होतच नाही ते, आणि मशीन चालू असताना उरकता येतं ते. पुढे १९६९ साली टोयोटाच्या १००० टनी प्रेसवर चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि शेवटी तीन मिनिटांवर आलं. तिथल्या कामगारांनी हात जोरात चालवले म्हणून हे झालं नाही. शोधाशोध, ने-आण आणि जुळवाजुळव प्रेस थांबायच्या आधीच उरकू लागली.

आपल्या मशीनवर हे असं करायचं. चालू लॉटचे शेवटचे दहा-पंधरा जॉब राहिले की पुढच्या लॉटचा ट्रे भरायला घ्या. ट्रे म्हणजे साधा पत्र्याचा, चहाच्या ट्रेएवढा पुरतो. त्यात ड्रॉइंग, प्रोग्रॅम नंबर लिहिलेला कागद, जॉज, लागणारे इन्सर्ट, ॲलन की, पाना, आणि त्या साईजचा प्लग गेज किंवा स्नॅप गेज (भोकाचं किंवा बाहेरचं माप तपासायचं साधन). ठेवताना ज्या क्रमाने लागणार त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे. जॉजवर पंचने मारलेले १, २, ३ आकडे बघून घ्या, कारण जॉ चकच्या ज्या खाचेचा आहे त्याच खाचेत गेला पाहिजे. नाहीतर बोअर केलेले (जॉबच्या मापाला आतून कापलेले) सॉफ्ट जॉज असूनही रनआउट येणार, म्हणजे जॉब डगमगत फिरणार, आणि तुम्ही अर्धा तास डायल लावून डोकं धरून बसणार. जॉज पुन्हा ठेवताना तिन्ही एका तारेत ओवा आणि कुठल्या जॉबचे, किती व्यासाला बोअर केलेत ते पत्र्याच्या तुकड्यावर कोरून अडकवा. खडूने लिहिलेलं कुलंटमध्ये (कापताना थंडाव्यासाठी सोडतात त्या द्रवात) पुसून जातं.

इन्स्पेक्शनलाही आधी सांगून ठेवा: "साहेब, अकराच्या सुमाराला पहिला पीस आणतो." आधी कळलं तर ते वेळ काढतात. एकदम जाऊन उभे राहिलात तर रांगेत थांबावं लागतं, त्यात त्यांचीही चूक नसते.

एवढं केल्यावर माझं ९५ मिनिटांचं सेटिंग ४० वर आलं. पाना मी पूर्वीइतक्याच वेगाने फिरवत होतो.

तिसरा टप्पा: हाताचा पल्ला

इथे थोडक्यात. कच्चे कास्टिंग कमरेच्या उंचीवर, चकच्या जवळच्या बाजूला. झालेले जॉब दुसऱ्या बाजूला, वेगळ्या रंगाच्या बिनमध्ये. जमिनीवर बिन ठेवून दिवसातून ८६ वेळा वाकलात तर चाळिशीत कंबर साथ देणार नाही. दोन रिकामे पॅलेट एकावर एक ठेवा, उंची मिळते. रोज लागणारी तीन हत्यारं डोळे मिटून सापडली पाहिजेत. बाकीची कपाटात गेली तरी चालतील.

चौथा टप्पा: जॉब बिघडू न देणं

एक खराब जॉब म्हणजे तो करण्याचा वेळ, पुन्हा करण्याचा वेळ आणि वाया गेलेलं कास्टिंग. मी एकदा एका बुशच्या लॉटमध्ये ३७ नग घालवले. इन्सर्ट झिजत गेला की बोअर (आतलं भोक) लहान येऊ लागतो, म्हणून ऑफसेट देत देत मी साईज राखली होती. चहाच्या आधी इन्सर्टची नवी कड लावली, पण दिलेला ऑफसेट परत घ्यायचा विसरलो. नवी कड आणि जुना ऑफसेट, त्यामुळे बोअर मोठा. लहान बोअर पुन्हा कापता येतो, मोठा झालेला भरून काढता येत नाही. आणि मी 'वेळ वाचवायचा' म्हणून मधले नग मोजलेच नव्हते. त्या पाळीत माझा आकडा सगळ्यांत जास्त होता आणि सगळ्यात कमी कामही मीच केलं होतं.

तेव्हापासून ठरवून टाकलंय, तुम्हीही ठरवा. पहिला पीस, जेवण-चहानंतरचा पीस, इन्सर्ट किंवा त्याची कड बदलल्यानंतरचा पीस, लाइट जाऊन आल्यानंतरचा पीस, हे मोजल्याशिवाय पुढचा लावायचा नाही. शिवाय कंट्रोल प्लॅनमध्ये (काय कधी तपासायचं त्या कागदात) दर पाचवा किंवा दहावा म्हटलं असेल तो आहेच. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची सकाळ गार असते. मशीन तापेपर्यंत पहिला अर्धा तास साईज सरकते, तेव्हा जास्त वेळा मोजा. आणि गरम जॉब मोजून खूश होऊ नका. १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट २० अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा भरतो. ड्रॉइंगवरचा टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) २५ मायक्रॉनचा असेल, तर मशीनवर बरोबर असलेला जॉब इन्स्पेक्शन टेबलावर गार होऊन नापास होतो. मग तिथल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो.

वडगाव-खासबागेतली पोरं हे लवकर समजून घेतात, कारण त्यांच्या घरी माग असतो. धागा तुटल्यावर माग चालू राहिला तर पुढचं सगळं कापड उसवायच्या लायकीचं. जपानी संशोधक साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्ण केला तो धागा तुटला की आपोआप थांबायचा, त्यामुळे एका माणसाला अनेक माग सांभाळता येऊ लागले. म्हणजे बिघाड दिसताच थांबणं, हेही वेगाचंच काम. आवाज बदलला, चिपचा (कापून निघणाऱ्या धातूच्या सालीचा) रंग किंवा आकार बदलला, फिनिशवर रेघा दिसल्या, तर थांबवा. दोन मिनिटांसाठी कुणी रागावलं तर रागावू दे.

पावसाळ्यात आणखी एक. मृग लागल्यापासून गणपतीपर्यंत इथली हवा ओली असते. मशीन केलेल्या कास्टिंगच्या तोंडावर रात्रीत तांबूस गंज धरतो, घामट बोटांचे ठसे तर आधी उठतात. जॉब झाला की पुसून रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल लावायला दहा सेकंद लागतात. सकाळी एमरी घेऊन गंज काढायला अख्खा हेल्पर लागतो.

पाचवा टप्पा: लवकर विचारा, समोरच्याच्या भाषेत विचारा

ड्रॉइंग इंग्रजीत, सुपरवायझर कन्नड, शेजारचा ऑपरेटर मराठी, हेल्पर हिंदी. उद्यमबागेत हे नेहमीचंच. आपली मराठी पोरं बुजून गप्प बसतात आणि अंदाजाने काम करतात. त्या गप्प बसण्याची किंमत मी रिजेक्शनच्या बिनमध्ये पाहिली आहे. चार शब्द पाठ करा. "एल्ली ऐती?" म्हणजे कुठे आहे. "एष्टु?" म्हणजे किती. आणि सगळ्यात कामाचा, "तिळिलिल्ल," म्हणजे कळलं नाही. हा शब्द तोंडातून काढायला लाज वाटू देऊ नका. मला कन्नड एका सुपरवायझरांनी शिकवलं, मी त्यांना मराठी शिकवलं, आणि आमच्या दोघांच्या कामात त्यानंतर घोटाळे कमी झाले.

विचारताना प्रश्न तयार ठेवा. "हे होत नाही" असं जाऊन सांगू नका. "बोअर १५ मायक्रॉन लहान येतोय, इन्सर्ट बदलून बघितला, तरी तेवढाच येतोय, आता काय बघू?" असं सांगितलंत तर समोरचा दोन मिनिटांत उत्तर देतो. पाच-दहा मिनिटं स्वतः धडपडा, त्यापुढे अडून बसू नका.

जिथे वेळ वाचवायचाच नाही

चक फिरत असताना चिप हाताने ओढायची नाही. हुक वापरा, तोही चक थांबल्यावर. चिप धारदार असते, लांब असेल तर बोटासकट ओढून नेते. फिरत्या लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, हातातला दोरा-कडं घरी काढून यायचं. एअर गनने अंगावरचे कपडे झाडायचे नाहीत. दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) कुणी 'काढ, लवकर होतंय' म्हणालं तरी काढायचा नाही. तसं काम करणाऱ्याचं कौतुक करणारी माणसंही मी पाहिलीत. त्यांचं ऐकू नका. उजव्या हाताची दोन बोटं गमावलेला माणूस माझ्या ओळखीचा आहे. त्याने त्या दिवशी वाचवले असतील ते पाच सेकंद.

डबल पाळीबद्दल

आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झालं तर वरच्या तासांना दुप्पट दराने पगार, असा कायदा आहे. तो हिशोब वहीत ठेवा आणि नीट मागा. घरी बहिणीचं लग्न असेल, शेताला बोअर मारायचा असेल, तर डबल पाळी करावी लागते हे मला माहीत आहे. पण ती सवय होऊ देऊ नका. माझ्या वहीत रिजेक्शनच्या नोंदी कुठे दाटल्या होत्या ते मी एकदा मोजलं. जास्तीत जास्त नोंदी डबल पाळीच्या शेवटच्या दोन-अडीच तासांतल्या. लावणीच्या किंवा सुगीच्या दिवसांत शेत आणि कारखाना दोन्ही असेल तर सुपरवायझरला आधीच सांगून पहिली पाळी मागून घ्या. झोपेत चकची किल्ली चकलाच विसरण्यापेक्षा ते बरं.

कुणी हसलं तर

वही काढून लिहिताना बघितलं की जुनी माणसं सुरुवातीला हसतात. 'मोठा इंजिनिअर आला' म्हणतात. हसू द्या. याच बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान घातलं. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत आणि पहिला नांगर विकायला बराच काळ गेला. ते गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. आज लाकडी नांगर क्वचितच दिसतो. तुमची गोष्ट इतकी मोठी नसेल, पण महिनाभराने हसणाऱ्यातलाच एक जण हळूच येऊन विचारतो, "तो ट्रे कुठनं आणलास?" तेव्हा त्याला नीट दाखवा. मामांनी मला दाखवलं होतं.

एक मात्र सांभाळा. सुटलेल्या वेळात लगेच आणखी जॉब ओढून आकडा फुगवू नका. निदान पहिले दोन-तीन महिने तो वेळ शिकण्यात घाला. प्रोग्रॅम वाचायला शिका, शेजारची मिलिंग बघा, इन्स्पेक्शनमध्ये हाइट गेज वापरायला मागा. आकडा कुणीही वाढवतो. सेटिंग, प्रोग्रॅम आणि मोजमाप तिन्ही येणारा माणूस उद्यमबागेत आजही शोधावा लागतो.

शेवटची दहा मिनिटं

पाळी संपायच्या दहा मिनिटं आधी हात धुवायला पळू नका. चिप काढा, कुलंटची पातळी बघा, हत्यारं जागेवर ठेवा आणि पुढच्या पाळीच्या माणसाला चिठ्ठी लिहा. ती अशी असू द्या:

'जॉब ६४ झाले, ३६ बाकी. बोअरचा इन्सर्ट ५०व्या नगाला बदलला, ऑफसेट परत घेतला आहे. चहानंतरचा नग मोजला, बरोबर. कुलंट थोडं कमी आहे. पुढच्या लॉटचा ट्रे उजव्या कपाटात, फक्त प्लग गेज स्टोअरमधून यायचा आहे, सात वाजता देतो म्हणालेत.'

चिठ्ठी मशीनच्या पॅनलवर लोहचुंबकाने लावा, ड्रॉइंगच्या खाली दडपू नका, तिथे कुणी बघत नाही. पुढचा माणूस कन्नड वाचणारा असेल तर आकडे मोठे काढा आणि जाता जाता दोन शब्द तोंडी सांगा.